कॉम्प्युटरसाठी एक बादली पाणी

मुलांनो, आधी एक कोडं. कॉम्प्युटरच्या टेबलावर नुसता पाण्याचा पेला ठेवला तरी आई ओरडते, हो ना? मग असा कुठला कॉम्प्युटर आहे, ज्याला उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी लागतं?

फार डोकं खाजवू नका. तुमचाच! अर्थात, पाणी त्याच्या डोक्यावर ओतायचं नाही. ते ओतायचं घराच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, जिथं जमिनीतून एक लोखंडी पाइप डोकं वर काढून उभा असतो तिथं. बऱ्याच घरांत त्या पाइपाला कुणी विचारत नाही. त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली मी पाहिली आहे. एका शाळेत तर त्याला चक्क बकरी बांधली होती! (शिपाईमामांची. बिचारी फार गरीब होती.) हा पाइप म्हणजे तुमच्या घराचं अर्थिंग. त्याच्याकडं येऊच, पण त्याआधी त्याचं काय अडलंय ते सांगतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांचे, दुकानांचे, घरांतले बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बघायचं काम मी करतो. आमच्याकडं या कामाला आंब्यासारखा हंगाम असतो. गुढीपाडवा होतो, ऊन तापतं, दुपार कलली की आभाळ भरून यायला लागतं, धूळ उडते, वळवाचा पाऊस चार थेंब टाकून पळून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो. "सर, काल लई ईज कडाडली, अन् आज कॉम्प्युटर चालूच होईना बघा."

मी विचारतो, "वीज तुमच्या घरावर पडली का?"

"न्हाई हो. तिकडं पल्याड, शिवारात पडली. आमच्या घराला काहीच झालं न्हाई."

मग कॉम्प्युटर कसा गेला?

आकाशातल्या विजेच्या एका लोळात साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह असतो. तुमच्या डोक्यावर फिरणारा पंखा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणजे बघा! एवढा प्रचंड प्रवाह क्षणभरात खाली येतो, तेव्हा आजूबाजूच्या लांब तारांमध्येही झटका उठतो. तारेला वीज शिवावी लागत नाही, ती जवळपास असली तरी पुरतं. आणि आपल्याकडं विजेची तार शेताशेतांतून, खांबाखांबांवरून कोसभर चालत घरी येते. त्या झटक्याला घरापर्यंत यायला आयती सडकच मिळते.

घरातल्या प्लगमध्ये येते ती वीज २३० व्होल्टची. कॉम्प्युटरला मात्र एवढी वीज सोसत नाही. त्याच्या दारातच एक पत्र्याची पेटी बसवलेली असते, दुकानदार तिला 'एसएमपीएस' म्हणतात. ती पेटी २३० व्होल्टला दमात घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट इतकं मवाळ करते. आतला प्रोसेसर तर त्याहून नाजूक, जेमतेम एका व्होल्टच्या आसपास काम करणारा. अशा घरात हजारो व्होल्टचा पाहुणा न सांगता आला, तर काय होईल? तो क्षणभरच थांबतो. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. मी पेटी उघडतो तेव्हा आत काळा डाग असतो आणि जळका वास.

सगळा दोष आभाळावर ढकलता येत नाही, बरं का. दुसरा चोर खांबावरच राहतो. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही आणि 'रोहित्र' फक्त वर्तमानपत्रात असतं. गावात ती 'डीपी'! डीपीतून तीन फेजच्या तारा निघतात आणि एक न्यूट्रलची. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले २३० व्होल्ट येतात. पण दोन फेजमध्ये मोजलं तर ते भरतात ४०० च्या आसपास. वाऱ्यावावटळीत ती न्यूट्रलची तार तुटली, की सगळा तोल जातो. एका घरातले दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात पंखा विमानासारखा गरगरतो, दिवे लख्ख होतात. दिवे एकाएकी असे उजळले तर टाळ्या पिटू नका! मोठ्यांना हाक मारून मेन स्विच बंद करायला सांगा आणि मग तक्रार नोंदवायला लावा. (२००५ साली वीज मंडळाचे भाग पडले आणि आपल्याला वीज देणारी कंपनी 'महावितरण' झाली. पण लोक अजून 'बोर्डात फोन लाव' असंच म्हणतात.)

आता त्या बकरीवाल्या पाइपाकडं येऊ.

तुमच्या कॉम्प्युटरच्या प्लगला तीन पिना असतात. वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड. ती अशी का, माहीत आहे? लांब असल्यामुळं प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळं ती चुकूनही दुसऱ्या भोकात जात नाही. ही अर्थिंगची पिन. तिच्यापासून एक तार निघते आणि भिंतीतून जमिनीतल्या त्या पाइपापर्यंत जाते. नको असलेल्या विजेला 'बाई गं, तुझी वाट ही' म्हणून जमिनीत नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. पाइप साधारण अडीच-तीन मीटर खोल पुरतात आणि त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. कोळसा ओल धरून ठेवतो. मीठ त्या ओलीतून विजेला वाहायला मदत करतं.

ओल! सगळं या एका शब्दावर येऊन थांबतं. मराठवाड्याची काळी माती ओली असताना वीज झकास वाहून नेते. पण उन्हाळ्यात तीच माती अशी आकसते, की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन बाजूंनी माती सुटते आणि पाइप नुसता उभा राहतो. नांदेडला गोदावरीच्या काठावरच्या घरांचं एक वेळ बरं असेल, पण लातूर पडलं बालाघाटाच्या पठारावर. तिथं कित्येक ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम आणि काळा दगड. म्हणजे अर्थिंग सगळ्यांत दुबळं केव्हा असतं? एप्रिल-मेमध्ये. आणि आमच्याकडं विजा जोरात कडाडतात केव्हा? एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला. पहारेकऱ्याला नेमका चोर यायच्या वेळेलाच डुलकी लागते, तसलं हे!

म्हणून ती बादली.

पण लातूरमध्ये हे सांगताना माझी जीभ अडखळते. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहराला पाणी पाजायला एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं आणि गाडी बघायला लोक स्टेशनावर जमले होते. जिथं प्यायचं पाणी आगगाडीनं येतं, तिथं 'जमिनीतल्या पाइपाला पाणी घाला' म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्या उन्हाळ्यात एका मावशींनीच मला उपाय दाखवला. त्यांनी हात धुवायच्या बेसिनची नळी बाहेर काढून थेट अर्थिंगच्या खड्ड्यात सोडली होती. "तुमच्या पाइपाला चांगलंच पाणी पाह्यजे असं हाय का?" मुळीच नाही! भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कूलरमधून काढलेलं, कसलंही पाणी त्याला चालतं. त्याला फक्त ओल हवी.

तुमच्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की कधी कधी झिणझिण्या येतात का? मुंग्या चावल्यासारख्या? मुलं म्हणतात, "आमचा कॉम्प्युटर शॉक मारतो," आणि एकमेकांना हात लावायला लावून गंमत करतात. ही गंमत नाही. एसएमपीएसमधून थोडीशी वीज नेहमीच पत्र्यावर उतरते आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत निघून जाते. ती तुमच्या बोटातून जायला लागली, याचा अर्थ तिची वाट बंद आहे. तिसऱ्या पिनेचं भोक नुसतं दाखवायला आहे, मागं तारच नाही, असं मी कित्येक नव्या-कोऱ्या घरांतही पाहतो. झिणझिण्या आल्या की घरात सांगा आणि वायरमनला बोलवायला लावा. बोर्ड स्वतः उघडायचा नाही. ही अट मोडणाऱ्यानं पुढचा लेख वाचू नये!

आणि आईबाबांनो, हे जरा तुम्ही वाचा. काही ठिकाणी खड्डा खणायचा त्रास वाचवायला अर्थिंगचं भोक न्यूट्रललाच जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, सगळे खूश. पण ती न्यूट्रलची तार पुढं कुठं तुटली, तर कॉम्प्युटरचा पत्रा, फ्रिजचं दार, वॉशिंग मशीन, सगळ्यांत जिवंत वीज येते. कॉम्प्युटर राहिला बाजूला, माणसाच्या जिवावर बेतेल. वायरमन 'अर्थिंग करून दिलं' म्हणाला, तर जमिनीतला पाइप कुठं आहे ते त्याला दाखवायला लावा.

दुकानात 'स्पाइक गार्ड' नावाची पट्टी मिळते. चांगल्या पट्टीत एक छोटा गोल भाग असतो. व्होल्ट वाढले की तो जादा वीज अर्थिंगकडं वळवतो. पण अर्थिंगच नसेल तर तो वळवणार कुठं? शिवाय प्रत्येक झटक्याबरोबर तो थोडा थोडा म्हातारा होतो. स्वस्त पट्ट्यांत तर हा भाग नसतोच, नुसता लाल दिवा असतो. दिव्याला भुलू नका.

आता एक शाळा सांगतो. नाव सांगत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तुमच्या आजीआजोबांना विचारा, ते त्या वेळी कुठं होते ते नेमकं सांगतील. दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं झोपेत गेली. नंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांतली ५० हून जास्त गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली. औसा तालुक्यातल्या अशाच एका गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. लोकवर्गणीतून तिथं कॉम्प्युटर आला होता. भूकंपाला २५ वर्षं होणार, म्हणून गुरुजींनी मुलांना कामाला लावलं : घराघरांत जा आणि जुन्या गावाचे फोटो मागून आणा. ढिगाऱ्यातल्या ट्रंकांत सापडलेले लग्नातले फोटो, यात्रेतले फोटो, मागं कुठं चावडी दिसते आहे, कुठं मारुतीचं देऊळ. मुलांनी ते आणले, गुरुजींनी स्कॅन केले आणि ज्याचे त्याला परत दिले. फोटो सगळे कॉम्प्युटरमध्ये, आणि फक्त कॉम्प्युटरमध्येच.

२०१८ च्या मे महिन्यात सुट्टीत गावाजवळ वीज पडली. शाळा बंद होती आणि कॉम्प्युटरही बंद होता. बटण बंद होतं, पण प्लग भोकातच होता आणि इंटरनेटची तांब्याची तारही मागं जोडलेली होती. बटणाच्या आत तारांमध्ये अंतर असतं काही मिलिमीटरचं. जी वीज ढगातून जमिनीपर्यंत उडी मारते, तिला ते किती? जूनमध्ये मला बोलावणं आलं. एसएमपीएस काळी पडली होती, मुख्य पाटी जळाली होती आणि झटका हार्ड डिस्कपर्यंत पोचला होता.

इथं एक सांगून ठेवतो. पुष्कळदा एसएमपीएस जळते आणि हार्ड डिस्क मात्र धडधाकट राहते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळं जसंच्या तसं मिळतं. म्हणून जळका कॉम्प्युटर पाहून लगेच भंगारात देऊ नये. पण या शाळेचं नशीब तसं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "मशिनचं काय, गाव दुसरी देईल. फोटो निघतील का तेवढं सांगा."

मी 'नाही' म्हणालो. खोटा धीर देऊन काय उपयोग?

मग आठवण झाली एका मुलीची. आठवीसाठी ती दुसऱ्या शाळेत गेली होती. वक्तृत्व स्पर्धेसाठी म्हणून तिनं निम्मे-अर्धे फोटो पेनड्राइव्हवर घेतले होते. ते मिळाले. उरलेल्यांसाठी मुलं पुन्हा घरोघर हिंडली. बहुतेक फोटो पुन्हा हाती लागले, पण पाच-सहा नाहीच मिळाले. एका आजींनी त्यांचा फोटो मुंबईच्या नातवाला दिला होता, तो घर बदलताना हरवला होता. जुन्या गावची वेस पूर्ण दिसेल असा तो एकच फोटो होता. गुरुजींनी मग म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून मुलांकडून वेशीचं चित्र काढून घेतलं. चित्र छान झालंय. पण दोन आजोबांचं अजून जमत नाही. एक म्हणतात, ओटा वेशीच्या उजव्या हाताला होता. दुसरे म्हणतात, छट्, डाव्या!

त्या शाळेत अर्थिंग उत्तम असतं तरी वाचलं असतं का? मला शंका आहे. इतक्या जवळ पडलेल्या विजेपुढं कुठलीही पट्टी आणि कुठलाही पाइप हमी देत नाही. हमी देते ती एकच गोष्ट, भिंतीतून बाहेर काढलेला प्लग, आणि त्याच्याबरोबर मागून काढलेली इंटरनेटची, डिशची तार. आता पुष्कळ ठिकाणी इंटरनेट काचेच्या तंतूतून येतं. काचेतून वीज येत नाही, पण त्या डब्याचा अडॅप्टर प्लगमध्येच असतो, हे विसरू नका. लॅपटॉपवाल्यांनीही ऐटीत राहू नये, चार्जर लावलेला असेल तर तोही त्याच रांगेत.

प्लग काढायचा तो गडगडाट डोक्यावर येण्याआधी. वीज कडाडत असताना प्लगला, तारांना हात लावायला धावायचं नाही, गेला कॉम्प्युटर तर जाऊ दे. आधी कसं कळणार? वीज चमकली की सेकंद मोजा, आवाज आला की थांबा आणि तीननं भागा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा शेतात, झाडाखाली, गच्चीवर असाल तर घरात या. प्लग त्याच्याही आधी, आभाळ काळं व्हायला लागतं तेव्हाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप आहे. तुमच्याभोवती २० ते ४० किलोमीटरवर विजा चमकत असतील तर ते सावध करतं. ते आईबाबांच्या फोनवर घालून द्या. कॉम्प्युटरपेक्षा शेतावर गेलेल्या माणसांसाठी ते जास्त कामाचं आहे.

नुसती लाईट गेली तरी फायली का बिघडतात, असं मला मुलं विचारतात. तुम्ही टाइप करता ते आधी कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात असतं. वीज गेली की ते स्मरण कोरं होतं. आणि नेमकं डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, तर अर्धं पान लिहून झालेलं, अर्धं राहिलेलं. कधी कधी बिघडतं ते अनुक्रमणिकेचं पान, मग पुस्तक शाबूत असून धडा सापडत नाही! २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यात भारनियमनानं रोज कित्येक तास वीज जायची, तेव्हा यूपीएसशिवाय कॉम्प्युटर लावणं म्हणजे जुगार होता. आता तेवढं जात नाही. तरी यूपीएस असू द्या. मात्र तो फाईल ठेवून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता आहे, राहिलेला गेम संपवण्यापुरता नाही. आणि लाईट आली की लगेच बटण दाबू नका. आल्या आल्या ती जरा पिसाळलेली असते, पाच मिनिटं जाऊ द्या.

त्या गुरुजींनी आता काय केलंय सांगू? फोटोंची एक प्रत शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती काम झालं की काढून कपाटात. तिसरी प्रत नांदेडला, बहिणीकडं. औशाला आणि नांदेडला एकच वीज एकाच वेळी पडणार नाही, असा त्यांचा हिशोब. दर भाऊबीजेला ओवाळणीबरोबर नवा पेनड्राइव्ह जातो, जुना परत येतो. बहीण तो स्वयंपाकघरात फडताळावर, स्टीलच्या छोट्या डबीत ठेवते. तिची नातवंडं सारखी डबे उघडत असतात, म्हणून तिनं डबीवर कागद चिकटवला आहे : 'साखर नाही.'